नकार कळवण्याचे कर्तव्य

नोकरीच्या जाहिरातींच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एक वाक्य हमखास असते : ‘केवळ निवडक उमेदवारांशीच संपर्क साधला जाईल.’ सरकारी जाहिरातींत हेच वाक्य अधिक करड्या भाषेत येते : ‘निवड न झालेल्या उमेदवारांशी कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.’ ही वाक्ये आपण इतक्या वेळा वाचली आहेत, की त्यांचा अर्थ काय याचा विचार करणे सोडून दिले आहे. आम्ही तुमचा वेळ घेऊ, तुमची कागदपत्रे मागवू, कदाचित शुल्कही घेऊ, तुम्हाला परगावी मुलाखतीला बोलावू, पण तुमचे काय झाले हे तुम्हाला सांगण्यास आम्ही बांधील नाही, असा तो अर्थ आहे. या देशात नोकरी मागणाऱ्या आणि नोकरी देणाऱ्या यांच्यातील नाते कसे आहे, हे समजून घ्यायला एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

हा विषय माझ्या मनात घोळू लागला तो लखनऊमधील एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीमुळे. तिने संख्याशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आहे. गुरुग्राममधील एका कंपनीने तिच्या तीन मुलाखती घेतल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाखतीच्या मध्ये तिला एक काम घरी करायला दिले गेले. त्यासाठी ती चार रात्री जागली. शेवटच्या मुलाखतीत तिला सांगण्यात आले, ‘दोन आठवड्यांत कळवतो.’ त्याच सुमारास कानपूरच्या एका महाविद्यालयाने तिला कंत्राटी अध्यापकाची जागा देऊ केली आणि उत्तरासाठी दहा दिवस दिले. ते दहा दिवस तिने गुरुग्रामच्या उत्तराची वाट पाहण्यात घालवले. दोन ईमेल पाठवले. दोन्हींना उत्तर नाही. कानपूरची जागा गेली. चार महिन्यांनी समाजमाध्यमावर दुसऱ्याच कुणाचा ‘नव्या नोकरीत रुजू झालो’ हा संदेश वाचून तिला स्वतःच्या मुलाखतीचा निकाल समजला. ती मला म्हणाली, ‘‘काका, निवड झाली नाही याचं दुःख नाही. त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं, तर मी त्याच संध्याकाळी कानपूरला फोन केला असता.’’

या प्रश्नाचा गाभा तिच्या या वाक्यात आहे. नकार ही उमेदवारासाठी नुसती वाईट बातमी नसते. पुढचा निर्णय घेण्यासाठी त्याला लागणारी ती माहिती असते. ती दडवून ठेवली की त्याच्या इतर संधीही हातच्या जातात. मौनाची किंमत असतेच. फक्त ती मौन बाळगणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

या मौनाचा पसारा केवढा आहे? केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्रीय नोकऱ्यांसाठी २२.०५ कोटी अर्ज आले आणि ७.२२ लाख उमेदवारांची नियुक्तीसाठी शिफारस झाली. म्हणजे साधारण तीनशे पाच अर्जांमागे एक निवड. एकच तरुण अनेक ठिकाणी अर्ज करतो, त्यामुळे २२ कोटी अर्ज म्हणजे २२ कोटी माणसे नव्हेत, हे खरे. पण त्यामुळे चित्र सौम्य होत नाही. उलट एकेका तरुणाच्या वाट्याला किती नकार येतात, हेच त्यातून दिसते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार पंचविशीच्या आतील पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण ४२ टक्क्यांहून अधिक होते. ज्या देशात नकार हाच नियम आणि निवड हा अपवाद आहे, तिथे नकार कसा कळवावा हा शिष्टाचाराचा किरकोळ प्रश्न राहत नाही. तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न होतो.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेच्या निवड समितीवर मी होतो. एका पदासाठी आम्ही सात जणांना मुलाखतीला बोलावले. त्यांपैकी एक तरुण सिलचरहून दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आला होता. मुलाखत चांगली झाली. तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. आम्ही इतिवृत्तावर सह्या केल्या, चहा घेतला आणि घरी गेलो. उरलेल्या सहा जणांना कुणी कळवायचे, हा प्रश्न त्या खोलीत कुणीही विचारला नाही. मीही विचारला नाही. काही वर्षांनी एका परिसंवादात तो तरुण भेटला. तोवर तो दुसरीकडे स्थिरावला होता. त्याने अतिशय आदबीने विचारले, ‘‘सर, त्या पदाचं शेवटी काय झालं?’’ माझ्याकडे उत्तर होते. पण ते द्यायची वेळ केव्हाच निघून गेली होती. त्या मुलाखतीनंतरचे पाच महिने आपण गुवाहाटीतील एका संस्थेला ‘जरा थांबा’ म्हणत राहिलो, असे त्याने सांगितले तेव्हा मला मान वर करवेना. म्हणून या लेखात मी जे दोष दाखवतो आहे, ते इतरांचेच आहेत असे कृपया समजू नये. दुष्टपणाने वागणारे नियोक्ते थोडेच असतात. बहुतेक जण माझ्यासारखे असतात. आपले काम निवड करण्याचे होते आणि ते झाले, असे मानून ते खोलीबाहेर पडतात.

आता कायद्याकडे वळू. सरकारी नोकरीत उमेदवाराचे काय हक्क आहेत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने बरेच काही सांगितले आहे. निवड यादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, पण सरकारला मनमानीही करता येणार नाही, हे १९९१ च्या शंकरसन दाश खटल्यात स्पष्ट झाले. भरतीची प्रक्रिया सुरू झाल्यावर खेळाचे नियम मध्येच बदलता येणार नाहीत, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेज प्रकाश पाठक प्रकरणात बजावले. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा माहिती अधिकाराखाली हक्क आहे, हे २०११ मध्ये मान्य झाले. मात्र २०१८ मध्ये नागरी सेवा परीक्षेच्या संदर्भात न्यायालयाने या हक्काला मुरड घातली. गुण आणि उत्तरपत्रिका यांत्रिकपणे उघड करण्याचा आग्रह धरता येणार नाही, असे सांगितले.

या सगळ्यांत एक तरतूद मात्र आपल्या चर्चेत फारशी येत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे त्या निर्णयाची झळ बसणाऱ्या व्यक्तींना द्यायची आहेत. कुणी अर्ज करून मागितल्यावर नव्हे, तर आपण होऊन. एखाद्या उमेदवाराला नाकारणे हा प्रशासकीय निर्णय नाही, असे कोण म्हणू शकेल? तरीही ‘पत्रव्यवहार केला जाणार नाही’ हे वाक्य सरकारी जाहिरातींत बिनदिक्कत छापले जाते. कायद्याचा आत्मा एका बाजूला आणि जाहिरातीचा मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही सरकारचेच!

खासगी क्षेत्रातही आपण पूर्वी एक पाऊल टाकले होते. १९५९ च्या रोजगार विनिमय केंद्रांना रिक्त पदे कळवण्याच्या कायद्याने सर्व सार्वजनिक आस्थापनांना आणि पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागांची माहिती देणे बंधनकारक केले. त्याखालच्या नियमांनुसार निवडीचा निकालही पंधरा दिवसांत केंद्राला कळवायचा होता. म्हणजे मुलाखतीनंतर काय झाले हे सांगण्याची जबाबदारी नियोक्त्यावर असावी, ही कल्पना आपल्याला साठ वर्षांपूर्वी सुचली होती. पण ती सुचली तीही सरकारी पद्धतीने. निकाल कार्यालयाला कळवायचा, उमेदवाराला नाही! शिवाय कायदा मोडल्यास पहिल्या वेळी पाचशे आणि पुढे हजार रुपयांपर्यंत दंड. एवढ्या दंडाला कोण भिणार?

माहिती न देणे किंवा अर्धवट देणे किती महागात पडू शकते, हे जानेवारी २०२२ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशने पाहिले. रेल्वेने २०१९ मध्ये बिगरतांत्रिक संवर्गातील सुमारे ३५ हजार पदांची जाहिरात दिली. सव्वा कोटी अर्ज आले. पहिल्या टप्प्याची परीक्षा डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि निकाल लागला तो जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे जाहिरातीनंतर जवळपास तीन वर्षांनी. दुसऱ्या टप्प्यासाठी पदांच्या वीसपट उमेदवार निवडले जातील, असे उमेदवारांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एकाच उमेदवाराचा क्रमांक अनेक श्रेणींच्या याद्यांमध्ये होता, त्यामुळे निवडलेल्या माणसांची संख्या त्याहून बरीच कमी भरली. प्रशासनाच्या दृष्टीने ते नियमांना धरून होते. ज्यांना वगळले गेले, त्यांना मात्र ते फसवणूक वाटले. पाटण्यात रेल्वेमार्ग अडवले गेले, गयेत उभ्या गाडीच्या डब्यांना आग लावण्यात आली, प्रयागराजमध्ये पोलीस विद्यार्थ्यांच्या खोल्यांत शिरले. अखेर रेल्वेला पुढची परीक्षा थांबवून समिती नेमावी लागली आणि नंतर सुधारित निकाल लावावे लागले.

जाळपोळीचे समर्थन कुणीही करू नये. पण त्या आंदोलनातून एक धडा घेण्यासारखा आहे. तीन वर्षे वाट पाहिलेल्या तरुणाला त्याचा क्रमांक यादीत नाही एवढेच कळले. यादी कशी बनली, सीमारेषा कुठे होती, तो तिच्यापासून किती दूर राहिला, हे वेळेवर आणि त्याला समजेल अशा भाषेत सांगितले गेले नाही. निकालपत्रात क्रमांक नसणे म्हणजे नकार कळवणे नव्हे. समजावून सांगितलेला नकार माणूस बहुधा पचवतो. न समजलेल्या नकाराचा त्याला संशय येतो, आणि संशयाला गर्दी मिळायला वेळ लागत नाही.

याउलट एक चांगले उदाहरणही सरकारी गोटातलेच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग अंतिम निकालानंतर शिफारस न झालेल्या उमेदवारांचेही गुण जाहीर करतो. शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचून राहून गेलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असल्यास, इतर नियोक्त्यांना उपलब्ध करून देण्याची योजना आयोगाने २०१८ पासून राबवली. आता ती ‘प्रतिभा सेतू’ या नावाने चालते. ही योजना किती जणांना नोकरी देते, हा वेगळा प्रश्न. पण तिच्यामागचा विचार योग्य आहे. नाकारलेला उमेदवार म्हणजे टाकाऊ उमेदवार नव्हे. त्याने जी पायरी गाठली, तिची नोंद त्याच्या उपयोगी पडली पाहिजे. लाखो अर्जांतून निवड करणाऱ्या आयोगाला हे जमते, तर चाळीस अर्जांतून एक निवडणाऱ्या महाविद्यालयाला का जमू नये?

खासगी क्षेत्राची बाजूही ऐकली पाहिजे. मनुष्यबळ विभागांतील परिचितांशी बोललो, तेव्हा तीन युक्तिवाद पुढे आले. पहिला संख्येचा : एका जागेसाठी हजारो अर्ज येतात, प्रत्येकाला उत्तर कसे देणार? तीस वर्षांपूर्वी हा युक्तिवाद मी मान्य केला असता. तेव्हा टंकलेखक, लिफाफे आणि टपाल लागत असे. गंमत म्हणजे त्या काळात बऱ्याच कंपन्या ‘रिग्रेट लेटर’ पाठवत असत. माझ्या तरुणपणी मला आलेली अशी अनेक पत्रे सायक्लोस्टाइल केलेली होती, नाव तेवढे शाईने भरलेले. ती वाचून वाईट वाटे, पण त्या दिवसापासून दुसरा अर्ज लिहायला हात मोकळा होई. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांत अर्ज संगणकप्रणालीच स्वीकारते, तीच छाननी करते. अर्ज मिळाल्याची पोच जी प्रणाली एका क्षणात पाठवते, तिला नकार कळवता येत नाही, हे पटण्याजोगे नाही. साधने वाढली तेव्हाच सौजन्य घटले, ही वस्तुस्थिती आहे.

दुसरा युक्तिवाद राखीव उमेदवाराचा : पहिल्या क्रमांकाने नियुक्ती नाकारली तर दुसरा हाताशी हवा, म्हणून त्याला लगेच ‘नाही’ सांगत नाही. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय प्रामाणिकपणा हाच आहे. ‘तुम्ही प्रतीक्षा यादीत आहात, अमुक तारखेपर्यंत आमच्याकडून काही कळले नाही तर तुम्ही मोकळे आहात’ असे सांगण्यात नियोक्त्याचे काहीही जात नाही. दुसऱ्याच्या आयुष्यातील महिने फुकट राखून ठेवण्याचा अधिकार मात्र त्याला कुणी दिलेला नाही.

तिसरा युक्तिवाद सहसा हळू आवाजात सांगितला जातो : कारण लिहून दिले की ते उद्या न्यायालयात आपल्याच विरुद्ध वापरले जाईल. इथे आपल्याला अधिक खोलात जावे लागेल. कारण देण्याची भीती त्यालाच अधिक वाटते, ज्याचे खरे कारण सांगण्याजोगे नसते. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लीम नावाच्या अर्जदाराची सुमारे एक-तृतीयांश असल्याचे त्यांना आढळले. या अर्जदारांपैकी कुणालाही ‘तुमच्या आडनावामुळे’ असे पत्र आले नसते. त्यांच्या वाट्याला आले ते मौनच. लग्न झालेल्या तरुणीला, अपंग उमेदवाराला, ईशान्येतून आलेल्या मुलाला येणारा अनुभव याहून वेगळा नाही. मौन भेदभावाला जन्म देत नाही, पण त्याला सुरक्षित आसरा देते. ज्याला आपण नाकारले गेलो हेच अधिकृतपणे कळलेले नाही, तो दाद तरी कशाच्या आधारे मागणार?

जगात याबाबत कायदे होऊ लागले आहेत. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या नियोक्त्याने जाहीर केलेल्या पदासाठी ज्यांची मुलाखत घेतली, त्यांना शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निवडीचा निर्णय झाला आहे की नाही, हे कळवणे बंधनकारक झाले आहे. हा कायदा माफक आहे. तो कारणे मागत नाही, केवळ अर्ज करणाऱ्यांना लागू होत नाही, प्रत्यक्ष, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक कोणत्याही मार्गाने कळवण्याची मुभा देतो. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने आणखी एका बाजूने सुरुवात केली. उमेदवाराची छाननी स्वयंचलित प्रणालीने होणार असेल, तर तिचा वापर करण्यापूर्वी किमान दहा कामकाजाचे दिवस आधी तसे सांगावे लागते. २०२३ च्या जुलैपासून तिथे याची अंमलबजावणी सुरू आहे. परदेशी कायद्यांची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. पण कर्मचाऱ्यांची पंचविसाची मर्यादा आणि ठरावीक दिवसांत कळवण्याची अट या दोन्ही गोष्टी आपल्या १९५९ च्या कायद्यात व नियमांत होत्या, याची आठवण ठेवावी.

मग नकार कळवावा तरी कसा? माझ्या मते उमेदवाराने जितके दिले, तितके त्याला परत मिळावे, हे साधे प्रमाण ठेवले पाहिजे. ज्याने केवळ अर्ज केला, त्याला पद भरले गेल्यावर दोन ओळींचा संदेश पुरे. ज्याने लेखी परीक्षा दिली, त्याला त्याचे गुण आणि सीमारेषा कळली पाहिजे. ज्याने मुलाखत दिली, त्याला त्याच्या नावाने लिहिलेले, एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या सहीचे पत्र मिळाले पाहिजे, आणि त्याने विचारल्यास कामाशी संबंधित असे एखादे कारणही. ज्याने अनेक फेऱ्या दिल्या, दिवस-दिवस खर्चून काम करून दाखवले, त्याच्याशी दहा मिनिटे फोनवर बोलण्याइतका वेळ कुणाकडेही असतो. आणि ज्याला नियुक्तिपत्र देऊन मग ते मागे घेतले किंवा महिनोन् महिने रुजू करून घेतले नाही, त्याला केवळ पत्र पुरे नाही. त्याने त्या भरवशावर जे सोडले त्याची भरपाई मिळायला हवी.

पत्राच्या भाषेबद्दलही थोडे सांगावेसे वाटते. आपल्याकडे नकार लिहायचा झाला की लेखणी एकतर दगड होते किंवा पाक होते. ‘आपल्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा’ पहिल्या परिच्छेदात आणि निर्णय तिसऱ्यात, अशी पत्रे मी पाहिली आहेत. ‘आपली माहिती आमच्याकडे जपून ठेवली आहे’ हे वाक्य तर बहुधा खोटेच असते, आणि उमेदवार ते खरे मानून पुन्हा वाट पाहू लागतो. चांगले पत्र चार वाक्यांचे असते : ‘अमुक पदासाठी आपली निवड झालेली नाही. मुलाखत दिलेल्या सात उमेदवारांपैकी ज्यांची निवड झाली, त्यांना क्षेत्रीय सर्वेक्षणाचा अधिक अनुभव होता. आपल्या संख्याशास्त्रीय तयारीबद्दल समितीचे मत चांगले होते. काही विचारायचे असल्यास पंधरा दिवसांत या पत्त्यावर लिहावे.’ यात खोटी आशा नाही, अपमान नाही, दुसऱ्या कुणाचे नाव नाही. पत्र उमेदवाराला समजणाऱ्या भाषेत असावे, हेही जोडायला हवे. हिंदीत, तमिळमध्ये किंवा बंगालीत मुलाखत देणाऱ्याला नकार इंग्रजी कायदेशीर भाषेत का यावा? आणि तो त्यालाच यावा. नापासांची यादी कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवणे म्हणजे कळवणे नव्हे, चारचौघांत उभे करणे आहे.

हे सारे सौजन्यावर सोडावे की कायद्याने करावे? दोन्ही लागेल. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. १९५९ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेत रिक्त पदांची माहिती कळवण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. पद कळवण्याबरोबरच मुलाखत घेतलेल्या प्रत्येकाला ठरावीक मुदतीत निर्णय कळवण्याचे बंधन घालायचे, तर त्यासाठी ती संहिता ही योग्य जागा आहे. वेतन संहितेने भरतीत लिंगाधारित भेदभावास मनाई केली आहेच. निर्णय लेखी कळवला गेला, तर त्या मनाईलाही धार येईल. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ आणखी एक दार उघडतो. ज्या कारणासाठी माहिती घेतली ते संपले, की ती पुसून टाकावी असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नाकारलेल्या उमेदवाराचा पत्ता, जन्मतारीख, आधीचा पगार आणि ओळखपत्रांच्या प्रती किती काळ ठेवणार, हे नियोक्त्याला ठरवावेच लागेल. मग ‘आपली निवड झाली नाही आणि आपली माहिती अमुक तारखेला पुसली जाईल’ हे एकाच संदेशात का कळवू नये?

या उपायांची मर्यादा मला ठाऊक आहे. देशातील बहुसंख्य श्रमिकांना ना जाहिरात वाचायला मिळते, ना मुलाखत द्यावी लागते. सकाळी मजूर नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला मुकादम नजरेनेच नाकारतो, आणि त्यासाठी कुठल्याही कायद्याखाली पत्र येणार नाही. सहा माणसांच्या कारखान्यावर किंवा गल्लीतल्या दुकानावर कागदपत्रांचा नवा बोजा टाकणेही शहाणपणाचे नाही. नकार नीट कळवल्याने एकही नवी नोकरी निर्माण होणार नाही, हा आक्षेप तर सर्वांत वजनदार आहे. पण ज्या अर्थव्यवस्थेला पुरेशा नोकऱ्या देता येत नाहीत, तिने निदान नोकरी शोधणाऱ्याचा वेळ तरी वाया घालवू नये. विशी-पंचविशीतल्या माणसाकडे वेळ हेच भांडवल असते, आणि वयोमर्यादेच्या घड्याळाखाली ते दररोज कमी होत असते. पाटणा, प्रयागराज किंवा दिल्लीतल्या मुखर्जीनगरच्या भाड्याच्या खोलीत वाट पाहण्याच्या एकेका महिन्यासाठी गावाकडे कुणीतरी पैसे जुळवत असते.

सुरुवात सरकारनेच करावी, कारण या देशातील सर्वांत जास्त नकार त्याच्याच नावावर आहेत. त्यासाठी संसदेचे अधिवेशन लागत नाही. कार्मिक विभागाच्या एका परिपत्रकाने हे होऊ शकते : केंद्र सरकार, सार्वजनिक उपक्रम, बँका आणि अनुदानित संस्था यांच्या जाहिरातींतून ‘निवड न झालेल्या उमेदवारांशी कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही’ हे वाक्य काढून टाकावे आणि त्याच जागी, त्याच बारीक अक्षरांत, दुसरे वाक्य छापावे : ‘मुलाखत दिलेल्या प्रत्येक उमेदवारास निर्णय अमुक तारखेपर्यंत लेखी कळवला जाईल.’ मुलाखतीच्या इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी समितीच्या अध्यक्षाने, उरलेल्यांना पत्रे कोण पाठवणार, त्याचे नाव लिहावे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या इतिवृत्तात ती एक ओळ असती, तर सिलचरच्या त्या तरुणाला पाच महिने आधी गुवाहाटी गाठता आले असते.